शाळा वंशद्वेष थांबवू शकते का? स्टुटगार्टच्या एका आईला उत्तर

स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका मराठी आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आठवीत आहे. वर्गातली दोन-तीन मुलं त्याला रंगावरून बोलतात, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिटलरचे स्टिकर फिरतात. सकाळी शाळेत जायच्या वेळी तो पोट दुखतं म्हणतो. तक्रार केली तेव्हा शाळेने सांगितलं, ‘वंशवादाविरुद्ध एक दिवसाची कार्यशाळा ठेवतो.’ अशा शिकवण्याने खरंच काही बदलतं का? आणि बदलत नसेल, तर मुलाची शाळाच बदलावी का?

मी बर्लिनमध्ये एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते, नव्या शिक्षकांची प्रशिक्षणंही घेते. हा प्रश्न माझ्यासमोर शिक्षक म्हणून रोज असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिक्षणाने वंशद्वेष कमी होतो, राजकीय कडवेपणालाही आळा बसतो. पण शिक्षण म्हणजे नुसती चांगली माहिती देणं असं धरलं, तर यातलं काहीच होत नाही. मूल शाळेत कोणाच्या शेजारी बसतं, कोणाबरोबर काम करतं, त्या कामात त्याची बरोबरी मानली जाते का, आणि कोणी त्याचा अपमान केला तर मोठी माणसं काय करतात, यावर सगळं अवलंबून असतं. कार्यशाळा यातल्या कशालाच हात लावत नाही.

‘माणूस शिकला की शहाणा होतो’ हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. तो जर्मनीच्याच इतिहासाने मोडीत काढलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन विद्यापीठांइतका दबदबा दुसऱ्या कुठल्या विद्यापीठांचा नव्हता. तरीही हिटलर सत्तेवर येण्याच्या दीड वर्ष आधी, १९३१ मध्येच, देशभरच्या विद्यार्थी संघटनेचं नेतृत्व नाझी विद्यार्थ्यांच्या हातात गेलं होतं. १० मे १९३३ ला बर्लिन विद्यापीठासमोरच्या चौकात पुस्तकं जाळली गेली, तेव्हा पुढाकार विद्यार्थ्यांचाच होता. २० जानेवारी १९४२ ला वानझे तलावाकाठच्या बंगल्यात ज्यूंच्या संहाराचं नियोजन करायला १५ अधिकारी जमले, त्यातल्या ८ जणांकडे डॉक्टरेट होती. या लोकांना शिक्षण कमी पडलं होतं असं कोण म्हणेल?

त्या काळच्या पाठ्यपुस्तकातलं गणिताचं एक उदाहरण मी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिते. मनोरुग्णालय बांधायला ६० लाख मार्क लागतात. एका घराला १५,००० मार्क लागतात. तर रुग्णालयाच्या खर्चात किती घरं बांधता आली असती? मुलं पटकन भागाकार करतात, ‘चारशे’ म्हणून ओरडतात. मग मी विचारते, भागाकाराखेरीज या गणिताने तुम्हाला काय शिकवलं? वर्ग गोंधळतो. बऱ्याच वेळाने कोणीतरी चाचरत म्हणतं, ‘आजारी माणसांवर पैसे वाया जातात, असं.’ कुठेही तसं वाक्य लिहिलेलं नाही, शिवी नाही, घोषणा नाही. फक्त एक गणित आहे. पुढे १९३९ नंतर मनोरुग्ण आणि अपंग माणसांना मारण्याची मोहीम सुरू झाली, आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत सहा ठिकाणच्या गॅसकोठड्यांमध्ये सुमारे ७०,००० माणसं मारली गेली. त्या वेळी हे उदाहरण सोडवलेली मुलं मोठी झाली होती, होत होती.

म्हणजे शाळेचा परिणाम होतो का, याबद्दल मला शंका नाही. तो वाईट दिशेने किती खोल होतो हे मोजलंही गेलंय. निको फॉइगटलेंडर आणि हान्स-योआखिम फोथ या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मनीत १९९६ आणि २००६ ला झालेल्या पाहण्यांमधली उत्तरं त्यांनी तपासली. १९३० च्या दशकात जन्मलेले, म्हणजे नाझी शाळांमध्ये वाढलेले लोक साठी-सत्तरीतही त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त ज्यूद्वेष्टे निघाले. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच ज्यूद्वेष मुरलेला होता, त्या भागांत शाळेचा हा परिणाम सर्वात जास्त होता. जिथे तो नव्हता, तिथे तेच पाठ, तेच पुस्तक, पण परिणाम बराच कमी. गाव आणि शाळा एकच भाषा बोलू लागले की ते मुलाच्या मनात पक्कं बसतं. हाच नियम चांगल्या शिकवणीलाही लागू होतो, आणि इथेच आमची गाडी अडते.

इथे एका मराठी बाईची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती याच शहरात घडली. इरावती कर्वे १९२८ ला डॉक्टरेटसाठी बर्लिनला आल्या. डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंशशास्त्र आणि आनुवंशिकतेची नवीन इमारत होती, संचालक होते ऑयगन फिशर. वसाहतीच्या काळात नैऋत्य आफ्रिकेत जाऊन मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजमापं घेऊन आलेला, जगभर नाव असलेला प्राध्यापक. गोऱ्यांची कवटी डाव्या-उजव्या बाजूला जास्त असमान असते आणि त्याचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, अशी त्यांची धारणा. ती तपासण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या म्हणून ठेवलेल्या कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की असमानता सगळ्यांत आहे, वंशाशी तिचा काही संबंध नाही. वय पंचविशीच्या आत, परका देश, परकी भाषा, आणि मार्गदर्शकाच्या सिद्धांताविरुद्ध प्रबंध.

त्याच संस्थेतल्या तज्ज्ञांनी पुढे १९३७ मध्ये ऱ्हाइन भागातल्या शेकडो मिश्रवर्णीय मुलांच्या सक्तीच्या नसबंदीसाठी ‘वांशिक’ अहवाल लिहिले. ऑश्विट्झमधून डॉक्टर मेंगेले रक्ताचे आणि अवयवांचे नमुने याच संस्थेत पाठवत असे, आणि त्याच्या नावावर एक नाही, दोन डॉक्टरेट होत्या. आज त्या इमारतीत विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग भरतो, दाराशी एक फलक आहे. वर्गाला मी तिथे नेते, तेव्हा फिशरपेक्षा इरावतीबाईंबद्दल जास्त बोलते. एकाच इमारतीत, त्याच उपकरणांनी, तीच विद्या शिकून दोन टोकाची माणसं तयार झाली. मोजमाप काय येतं ते आधी बघायचं आणि मग बोलायचं, ही सवय इरावतीबाई घरूनही घेऊन आल्या असतील, फर्ग्युसनमधूनही. मला मुलांना नेमकी तीच सवय द्यायची असते. कोणी स्टिकर किंवा व्हिडिओ दाखवला की मी वाद घालत नाही. हे कोणी बनवलं, आकडा कुठून आला, चित्र कधीचं आहे, हे तिथल्या तिथे शोधायला लावते. दहातल्या सात-आठ मुलांना यातच गोडी लागते. उरलेल्यांना लागत नाही, कारण त्यांना तो स्टिकर खरा वाटतो म्हणून आवडत नसतो. त्यातून त्यांना एका टोळक्यात जागा मिळते, म्हणून आवडतो.

या उरलेल्यांसाठी माहितीचा उपयोग नाही. तिथे दुसरं काम लागतं, आणि त्याचं सर्वात चांगलं उदाहरण मला आपल्या साताऱ्यातच दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत जात होते. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर कोपऱ्यात वेगळं बसायचं, शाळेचा शिपाई आला तरच पाणी मिळायचं, तो नसेल तर तहानलेलं राहायचं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गातल्या बाकीच्या मुलांना गुरुजी भाषा, गणित, चांगल्या वर्तनाचे पाठ शिकवत असणारच. पण त्यांनी रोज पाहिलं ते गोणपाट. त्याच साताऱ्यात १९२४ ला भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची, मुसलमानांचीसुद्धा मुलं एका छताखाली आली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, लाकडं आणायची, शेतात राबायचं, एका पंगतीला जेवायचं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतचं वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण त्या स्वावलंबनात जातीचं काय होत होतं याकडे लक्ष जात नाही. महाराच्या मुलाने थापलेली भाकरी मराठ्याच्या मुलाने रोज खाल्ली, हा तिथला धडा.

याच्या तीस वर्षांनंतर, १९५४ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडलं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह जात नाही. चार गोष्टी लागतात: दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. भाऊरावांच्या वसतिगृहात चारही होत्या. या विचारावर पुढे इतकं काम झालं की २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या दोघांनी ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यातून दिसलं की संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो, आणि या चार अटी पाळल्या तर जास्तच. शाळेला जे करता येण्यासारखं आहे, त्यात इतका भक्कम पुरावा मला दुसऱ्या कशाला दिसत नाही.

वर्गात हे कसं आणायचं? १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि मारामाऱ्या होत होत्या. तिथे एलियट ॲरनसन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक देण्याची पद्धत काढली. मी ती अशी वापरते. विषय: १९३३ मध्ये जर्मन लोकशाही आठ आठवड्यांत कशी संपली. पाच जणांचा गट. एकाला ३० जानेवारी, हिटलर चॅन्सेलर. दुसऱ्याला २७ फेब्रुवारीची संसदेची आग आणि दुसऱ्या दिवशीचा वटहुकूम. तिसऱ्याला ५ मार्चची निवडणूक, नाझींना ४३.९ टक्के. चौथ्याला २३ मार्चचा कायदा, ज्याने संसदेने स्वतःचेच अधिकार सरकारला देऊन टाकले. पाचव्याला त्याच दिवशीचं, सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते ओटो वेल्स यांचं विरोधातलं भाषण आणि विरोधात पडलेली ९४ मतं. कोणाकडेही दुसऱ्याचा कागद नाही. चाचणी मात्र पाचही तुकड्यांवर, आणि प्रत्येकाची वेगळी. आता ज्या मुलाची टिंगल होते त्याच्याकडे वेल्सचा कागद असेल, तर बाकीच्या चौघांना त्याचं ऐकल्याशिवाय गुण मिळत नाहीत. त्याला घाईत गप्प केलं तर नुकसान त्यांचंच. पहिले दोन आठवडे मुलं कुरकुर करतात, हुशार मुलांचे पालक तर माझ्याकडे येतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोणीतरी ‘जरा परत सांग ना’ असं त्या मुलाला म्हणतं. गट मी ठरवते, मुलांना निवडू देत नाही, आणि महिनोन्महिने चालू ठेवते. एखाद्या दिवशी करून सोडून दिलं तर काडीचा फरक पडत नाही.

छळछावण्यांच्या सहलींबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. तयारीशिवाय नेलेली मुलं बुखेनवाल्डला गप्प होतात, कोणी रडतात, आणि परतीच्या बसमध्ये फोन काढतात. धक्का ओसरतो. थुरिंगिया राज्यात, जिथे बुखेनवाल्ड आहे, तिथे सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत एएफडी हा स्थलांतरविरोधी, उजवा पक्ष ३२.८ टक्के मतं घेऊन पहिला आला, तरुण मतदारांतही पहिला आला. या पक्षाच्या तिथल्या शाखेला राज्याच्या सुरक्षा यंत्रणेने २०२१ मध्येच अतिउजवी ठरवलं होतं. हे रोखायला शाळेच्या सहली पुरेशा ठरल्या नाहीत. त्यापेक्षा मुलांच्या स्वतःच्या रस्त्यावरचं काम टिकतं. कलाकार गुंटर डेमनिग यांनी १९९० च्या दशकापासून नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी पदपथांवर बसवलेले दहा सेंटिमीटरचे पितळी दगड तुम्ही स्टुटगार्टमध्येही पाहिले असतील: ‘इथे राहत होते’, नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ मध्ये ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली त्या दिवशी, माझी मुलं शाळेजवळचे, एका कुटुंबाचे दगड घासून पुसतात. त्याआधी दोन महिने त्या कुटुंबाची कागदपत्रं शोधतात. कोणत्या मजल्यावर राहत होते, मुलगी कुठल्या शाळेत जात होती, सामानाचा लिलाव झाला तेव्हा कोणी काय विकत घेतलं. शेजाऱ्याने घेतलेल्या शिवणयंत्राची नोंद सापडली की वर्गात जी चर्चा होते, ती कुठल्याही भाषणाने होत नाही.

आता शिक्षकांबद्दल, कारण तुमच्या शाळेतले शिक्षक कदाचित घाबरलेले असतील. ‘आम्ही राजकारणात तटस्थ राहतो’ असं तुम्हाला ऐकायला मिळेल. तुमच्यापासून जवळच बॉयटेल्सबाख नावाचं गाव आहे. तिथे १९७६ मध्ये राजकीय शिक्षणाबद्दल काही तत्त्वं ठरली, ती आजही इथले सगळे शिक्षक मानतात. विद्यार्थ्यावर स्वतःचं मत लादायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखून वागता आलं पाहिजे. यात कुठेही तटस्थता हा शब्द नाही. स्थलांतराचा कायदा कडक असावा की सैल, यावर वर्गात दोन्ही बाजू यायलाच हव्यात, एएफडीला मत देणाऱ्या घरातल्या मुलालाही बोलता आलं पाहिजे. पण तुमचा मुलगा बाकीच्यांच्या बरोबरीचा माणूस आहे की नाही, हा वादाचा विषय नाही. त्याचं उत्तर जर्मन राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आहे: माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लावता येणार नाही.

शिक्षकांची भीती मात्र खरी आहे. २०१८ मध्ये एएफडीने हॅम्बुर्गपासून सुरुवात करून काही राज्यांत ‘पक्षपाती’ शिक्षकांविरुद्ध तक्रारी नोंदवायला संकेतस्थळं काढली. ब्रांडेनबुर्गमधल्या बुर्ग गावात २०२३ च्या एप्रिलमध्ये दोन शिक्षकांनी आपल्या शाळेतल्या स्वस्तिकांबद्दल आणि हिटलरी सलामांबद्दल जाहीर पत्र लिहिलं. त्यांच्या फोटोंचे स्टिकर गावभर लागले, आणि शाळेचं वर्ष संपताना दोघेही ती शाळा सोडून गेले. ऑलपोर्टची चौथी अट, वरच्यांचा पाठिंबा, जिथे तुटते तिथे एकटा शिक्षक काहीच करू शकत नाही. म्हणून शिक्षिकेच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा.

शाळेच्या आवाक्यापलीकडचंही काही आहे. सतरा-अठराव्या वर्षी जो मुलगा संघटनेत गेला, त्याचे मित्र, मैत्रीण, रविवारची कसरत, गाणी सगळं तिथेच आहे, त्याला वर्गातल्या धड्यांनी परत आणता येत नाही. त्यासाठी २००० पासून एक्झिट-डॉइचलांड ही संस्था काम करते, एक माजी पोलीस अधिकारी आणि एक माजी नवनाझी यांनी सुरू केलेली. २०११ मध्ये गेरा शहरातल्या नवनाझींच्या संगीत महोत्सवात त्यांनी अडीचशे टी-शर्ट फुकट वाटले. वर कवटी आणि झेंडे. धुतल्यावर ते चित्र निघून गेलं आणि खाली अक्षरं उमटली: तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. त्याहून महत्त्वाचं काम त्यांचं रोजचं आहे. नवी खोली, नवी नोकरी, धमक्यांपासून संरक्षण, नवे मित्र. तुमच्या मुलाच्या वर्गातले स्टिकर पाठवणारे तेरा-चौदा वर्षांचे आहेत, ते अजून या टप्प्यापासून लांब आहेत.

एक गोष्ट घरची. इथल्या मराठी मंडळांत, गणपतीत, जेवणाच्या टेबलांवर मी ‘त्या’ शाळेत तुर्की मुलं फार आहेत म्हणून घर बदलल्याच्या गोष्टी ऐकते. आफ्रिकन शेजाऱ्यांबद्दल, मुसलमानांबद्दल, आणि आडनाव ऐकून जातीबद्दल जे बोललं जातं तेही ऐकते. मुलं बाजूलाच बसलेली असतात. ज्या मुलाला घरी माणसांची उतरंड शिकवली जाते, त्याला शाळेत फक्त एवढंच वाईट वाटतं की आपण त्यात चुकीच्या पायरीवर मोजले गेलो. तुमच्या घरात असं असेल असं मी म्हणत नाही. पण तपासा.

आता तुमच्या शाळेचं. कार्यशाळा होऊ द्या, पण तिथेच थांबू देऊ नका. घटना तारखेसह लेखी नोंदवल्या आहेत का ते विचारा. स्वस्तिकासारखी नाझी चिन्हं पसरवणं इथे गुन्हा आहे आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की मुलगाही त्याला जबाबदार ठरतो, हे मुख्याध्यापकांनी पूर्ण वर्गाला आणि सगळ्या पालकांना सांगायला हवं. धमकी म्हणून नव्हे, तर त्यांची मुलं अडचणीत येऊ नयेत म्हणून. वर्गशिक्षिकेला बसण्याची व्यवस्था आणि गट स्वतः ठरवायला सांगा, आणि टोमणे मारणाऱ्यांपैकी एकाला, टोळक्यातल्या म्होरक्याला नव्हे तर मागे मागे हसणाऱ्याला, तुमच्या मुलाबरोबर लांब पल्ल्याच्या कामात घालायला सांगा. आणि एक नक्की नाकारा: ‘तू भारताबद्दल माहिती सांग, म्हणजे मुलांना समजेल’ हा प्रस्ताव. कुर्ता घालून, समोसे वाटून त्याने वर्गाला आपलं माणूसपण पटवून द्यायचं नाही. त्याला फुटबॉलबद्दल बोलायचं असेल तर फुटबॉलबद्दल बोलू दे.

शाळा बदलण्याचा निर्णय दिवाळीपर्यंत थांबवा. तोपर्यंत मुख्याध्यापकांनी स्वतः भूमिका घेतली, वर्गातली रचना बदलली आणि मुलाचं सकाळी पोट दुखतं म्हणणं कमी झालं, तर तिथेच राहू द्या. तसं झालं नाही तर बदला, आणि त्यात काही वाईट वाटून घेऊ नका, वर्ग सुधारण्याची जबाबदारी चौदा वर्षांच्या मुलाची नसते. नवीन शाळा बघताना, शक्य असेल तर तुमच्या राज्यात २०१२ पासून सुरू झालेल्या, मुलांना दहाव्या वर्षीच वेगवेगळ्या वाटांना न लावणाऱ्या एकत्रित शाळांपैकी एखादी बघा. आणि भेटीला जाल तेव्हा भिंतीवरचे फलक बघू नका. मागच्या वेळी इथे असा प्रकार झाला तेव्हा तुम्ही काय केलंत, एवढंच विचारा. ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर पुढच्या शाळेत जा.